नळीतलं ग्रीस

आमच्या घरात दोन लोखंडी कपाटं आहेत. एकात कपडे, दुसऱ्यात अण्णांची बंदूक आणि माझी कॉलेजची सर्टिफिकेटं. अण्णा म्हणजे माझे वडील. उल्हासनगरात एका बँकेच्या दारात ते दुनळी घेऊन उभे राहतात. सिक्युरिटी एजन्सीत अशा माणसाला गनमॅन म्हणतात, आणि गनमॅनची मुख्य अट एकच: बंदूक आणि लायसन स्वतःचं पाहिजे. बंदूक गेली की माणूस साधा वॉचमन. तोही या वयात कुणी ठेवला तर.

मी बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. आईकडच्या आणि अण्णांकडच्या, दोन्ही घराण्यांत पहिली पदवी माझी. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आता अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. आम्ही राहतो मोरिवलीत, कंपन्यांच्या भिंतीला लागूनच. इथं लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज दरवर्षी रंगवले तरी पापुद्रे निघतात. चिमण्यांतून जे काही सुटतं ते आधी आमच्या कड्याकोयंड्यांना कळतं.

मी अकरावीत असताना एका निवडणुकीला अण्णांची बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागली. निवडणूक आली की लायसनवाल्यांनी हत्यारं जमा करायची असतात. बँकेच्या गनमॅनना सूट मिळते, पण त्या वेळी एजन्सीचा कागद वेळेत पोचला नाही. दोन महिने बंदूक तिथल्या कोंदट खोलीत भिंतीला टेकून राहिली. परत आली तेव्हा पाऊस सुरू होता आणि नळ्यांवर तांबडी बुरशी धरल्यासारखा गंज होता. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

आमच्या शेजारी एक काका राहतात. केमिकल कंपनीत फिटर आहेत, पंपांची बेअरिंगं भरण्यात त्यांची उमर गेली. ते बंदूक बघून म्हणाले, "तेल लावतोस? अरे, तेल काय दोन दिवस राहतं. माझे पंप ॲसिडात बसलेत बारा-बारा वर्षं. हेवी ड्यूटी ग्रीस ठास, आणि विसरून जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबाभर ग्रीस आणलं. मधाच्या रंगाचं, बोटावर घेतलं तर खाली न ओघळणारं. तेव्हापासून दर रविवारी अण्णा जुना पंचा पसरून बसायचे आणि बंदुकीला आतबाहेर ग्रीस लावायचे. आई म्हणायची, "पोरीच्या केसांना कधी इतकं तेल नाही चोपडलं." अण्णा हसायचे. गंज खरंच थांबला. घरात सगळ्यांना, मलाही, तो शोध वाटला होता.

दीड वर्षापूर्वी एजन्सीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून माझ्या हातात आलं. सगळ्या गनमॅननी पुढच्या महिन्यात गोळीबाराच्या रेंजवर जाऊन दोन बार मारून दाखवायचे. जो मारणार नाही, किंवा ज्याचं हत्यार चालणार नाही, त्याला गनमॅनच्या यादीतून काढलं जाईल. मी वाचून दाखवलं आणि सहज विचारलं, "अण्णा, तुम्ही नळीतलं ग्रीस ड्यूटीला जाताना पुसता ना?"

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "टोकाला पुसतो."

"आणि मधलं?"

"मधलं कशाला पुसायचं? परत भरायचंच असतं."

मी कपाटातून बंदूक काढली, मोडून उघडली आणि नळ्या दिव्याकडे धरल्या. दोन्हीतून उजेड येत नव्हता. दोन्ही टोकांना बोटभर जागा स्वच्छ पुसलेली, आणि आत गच्च ग्रीस.

"तपासायला येतात त्यांना दिसत नाही?"

"ते लायसनवरचा नंबर बघतात. नळीत कोण डोकावतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदा तरी उडवायची वेळ आली का?"

बार सुटला आणि नळी तुंबलेली असली, तर दाब पुढं जात नाही. नळी फुटते, मारणाऱ्याच्याच हातात. हे समजायला पदवी लागत नाही. अण्णांनाही माहीत होतं. म्हणजे मी कॉलेजात होते ती सगळी वर्षं माझा बाप बँकेच्या दारात कमरेला काडतुसं बांधून उभा होता, आणि दरोडा पडलाच असता तर पहिली इजा त्याला झाली असती. मी त्यांना खूप बोलले. आई म्हणाली, "शिकलीस म्हणून बापाला इतकं बोलायचं?" मी म्हटलं, "शिकले म्हणूनच बोलतेय."

त्या रविवारी फिटर काका डिझेल घेऊन आले. बेअरिंगं ते डिझेलमध्येच धुतात. ग्रीस कुठे मेणासारखं घट्ट झालं होतं, कुठे काळं. लोखंडी गजाला चिंधी गुंडाळून आम्ही तिघं दुपारभर ढकलत होतो. काका मध्येच म्हणाले, "मी लावायला सांगितलं रे, लोणचं घालायला नाही." अण्णांनी गजावरची चिंधी बदलली. नळ्या बाहेरून आरशासारख्या निघाल्या. उजव्या नळीतून उजेड सरळ आला. डाव्या नळीत मात्र मध्यावर काळे ठिपके दिसले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून अण्णांबरोबर उल्हासनगरातल्या लायसनवाल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार सिंधी, अण्णांच्याच वयाचा. त्यानं डाव्या नळीत छोटा दिवा सोडला आणि बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला.

"साईं, ग्रीस लगाने के पहले सुकाया था क्या?"

अण्णा म्हणाले, "बारिश में वापस मिली थी. पोंछी थी."

"बाहर से पोंछी. अंदर पानी था, ऊपर से ग्रीस का बूच मार दिया." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "बेटा, खड्डे खोल गेलेत. डाव्या नळीत काडतूस टाकायचं नाय. कधीच नाय. उजवी एकदम सही आहे."

मला हे आधी सुचायला हवं होतं. ग्रीस बाहेरचं पाणी आत जाऊ देत नाही, तसं आतलं बाहेरही येऊ देत नाही. लोखंड आधी पूर्ण कोरडं करायचं, मग ग्रीसचा हात द्यायचा. लॅबमध्ये नव्या मुलांना मी हेच शिकवते.

"नळी बदलता येईल?" मी विचारलं.

"या मेकची? नवी बंदूक घ्या. परमिशन, नोंद, सगळं करता करता..." त्यानं अण्णांच्या पांढऱ्या केसांकडे बघून वाक्य सोडून दिलं.

रिक्षात अण्णा बंदूक गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. साठीला एजन्सी घरी बसवते. त्यांना तीन वर्षं उरली होती. म्हणाले, "आता तू कुणाला सांगणार आहेस का?"

"खोटं बोलायला लावू नका मला."

"बोलू नको. गप्प बस."

रेंजवर ते एकटेच गेले. दोन्ही काडतुसं एकामागून एक उजव्या नळीतून मारली. तिथल्या साहेबानं विचारलं, डावी का नाही? अण्णांनी सांगितलं, तिचा चाप बोटाला जड जातो. साहेबानं पुठ्ठ्यावरची भोकं मोजली आणि सही दिली.

आठवड्यानं एजन्सीचा फॉर्म आला. आमच्याकडचे सगळे फॉर्म मीच भरते. नाव, पत्ता, लायसन, काडतुसांची संख्या. मग एक ओळ: हत्यार चालू स्थितीत आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. तिसरा नव्हता. पेन हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. आई भाजी चिरायची थांबली होती. अण्णा समोरच्या खुर्चीत, ड्यूटीचा शर्ट घालून. 'नाही' लिहिलं की उद्यापासून ते घरात. 'हो' लिहिलं की माझ्या अक्षरात खोटं. मी आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सांगत आले, आणि त्याचा मला तोरा आहे.

मी 'हो'वर खूण केली. अण्णांनी सही केली, फॉर्मची घडी घातली आणि थँक्यू म्हणाले. मला ते आजवर कधीच थँक्यू म्हणाले नव्हते.

अजून दीड वर्ष जायचंय. आता ते रोज नळ्या कोरड्या करतात, वरून ग्रीसचा पातळ हात देतात, आतून स्वच्छ ठेवतात. सकाळी ते चपला घालतात तेव्हा मी डबा भरत असते. वर न बघता विचारते, "उजवीकडेच ना?"

"उजवीकडेच," ते म्हणतात, आणि जातात. मग मी कामाला निघते, आणि संध्याकाळी ते घरी येईपर्यंत फोन कधी सायलेंटवर टाकत नाही.