आसियामाचा डावा खांदा

आदुमक्रोम गावच्या आसियामा शिंप्याचा हात सरळ, जीभ गोड. नशीब मात्र खडूस. विशीत डाव्या खांद्यावर फोड आला आणि त्यानं तो नखानं फोडला. फोड बरा झाला, पण वण काही वाढायचा थांबेना. वाढून वाढून लिंबाएवढी चकचकीत गाठ झाली. खाजायची, उकाड्यात ठणकायची. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "पहिलं डोकं चालत नाही, म्हणून खांद्यावर दुसरं वाढवतोय बिचारा!" तो हसून सोडून द्यायचा. अंगावरचं कापड डाव्या खांद्यावरूनच जातं, झाकलं की झालं.

मग गावचा प्रमुख वारला. आमच्याकडे प्रमुखाचं आसन आईच्या घराण्यातून चालतं. नवा प्रमुख निवडणाऱ्या राजमातेसमोर दोन नावं होती, आसियामा आणि त्याचा मावसभाऊ बोआदू. बोआदू म्हणजे ताडीच्या अड्ड्यावर पडीक असलेला रिकामटेकडा. आसियामाच बसणार, असं सगळा गाव धरून चालला होता. पण पंचांसमोर उभं राहताना कापड छातीखाली उतरवावं लागतं, आणि अंगात व्यंग असेल तर आसन मिळत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

आसियामाची झोप उडाली. तो दवाखान्यात गेला. नर्स अडोमानं खांदा दाबून पाहिला.

"दादा, याला केलॉइड म्हणतात. वण भरून आला तरी मांस वाढतच राहतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण वस्तरा लावू नकोस हं! नुसतं कापलं की दुपटीनं वर येतं. मोठ्या दवाखान्यात गाठीतच इंजेक्शनं देतात, महिन्यामहिन्यानं. हळूहळू बसते."

"पंच शनिवारी बसतायत, बाई."

"मग गाठ घेऊनच जा शनिवारी. आणि ठणका वाढला, गाठ फुटली, रक्त आलं, तर घरी पाला चोळत बसू नकोस. सरळ इकडे ये."

घरी बहीण सेरवा वाटच बघत होती. नर्सचं बोलणं ऐकून तिचा तिळपापड झाला. "तिचं काय जातंय सांगायला! बोआदू बसला ना, तर तुझं शिलाई मशीनसुद्धा विकून पिईल मेला! आणि मी काय, त्याची भांडी घासू?" तिनं पोरांची सुंता करणाऱ्या म्हाताऱ्यालाच बोलावून आणलं. आसियामाला नर्सचे शब्द आठवत होते, पण बहिणीपुढे त्याचं कधी चाललंय! त्यानं तोंडात कापड कोंबलं. म्हाताऱ्यानं गाठ उडवली, सेरवानं राख दाबून चिंधी बांधली. "बघ, शनिवारपर्यंत सपाट होतंय," ती म्हणाली.

शनिवारी आसियामा पांढरं कापड नेसून पंचांसमोर उभा राहिला. अंगात ताप होता. त्यानं कापड उतरवलं. चिंधी कापडाला चिकटली होती, ती खपलीसकट निघाली. रक्त छातीवरून ओघळून जमिनीवर पडलं.

"हे काय रे?" राजमातेनं विचारलं.

"राजमाते, गाठ होती. काढून टाकली."

म्हातारीनं खांदा जवळून पाहिला. "कुणी सांगितलं होतं काढायला? तुझ्या आईच्या मामाच्या पाठीवर असल्या गाठींची रांग होती. मरेपर्यंत आसनावर बसला तो. वणाला व्यंग म्हणतात का, मूर्खा? वण कुणाला नसतो? पण वाहतं रक्त घेऊन पूर्वजांच्या आसनासमोर आलास, ते विटाळलंस! आता या जन्मी तुला ते शिवता येणार नाही."

"राजमाते, जखम भरेपर्यंत थांबा ना..."

"घेऊन जा त्याला," राजमाता म्हणाली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. बोआदू तोंड पुसत पुढे आला. त्याचं अंग कसं लख्ख होतं, कधी काम केलं असेल तर खरचटेल ना!

आसियामाचा खांदा पिकला. लाजेपायी तो घरातच कुढत बसला. तापानं फणफणला, तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेला. जीव वाचला. गाठ मात्र परत आली, आधीपेक्षा मोठी, थेट मानेपर्यंत. आता ती कुठल्याच कापडाखाली मावत नाही. तो दर महिन्याला शहरात सुई टोचून घ्यायला जातो, एकटाच.

सेरवा बोआदूच्या घरी स्वयंपाक करते. परवा कुणीतरी तिला विचारलं, "भाऊ कसा आहे गं तुझा?"

"मजेत आहे की," ती म्हणाली. "आत्ताच जेवून आसनावर बसलाय."