सापवाल्या बाई

गल्लीत कुणी साप मारला की आमच्या भाडेकरू बाई त्याच्यापुढे मांडी घालून बसत आणि अंबाड्यातला आकडा काढून एकेक खवला दाखवत. सत्तर सालच्या आसपास त्या अमळनेरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायच्या. लोक त्यांना सापवाल्या बाई म्हणत. म्हणेनात का, त्यांना ते आवडायचं.

"तोंड काय बघता, पाठ बघा," त्या म्हणत. "कवड्या बिनविषारी. त्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होतात, शेपटीकडे पुसट होत जातात. विषारी मण्यारीचं नेमकं उलटं. शिवाय तिच्या कण्यावरचे खवले मोठे, षटकोनी." आमचे हेही ऐकायला बसत. पण अर्धंच ऐकत, खोडच ती.

एका सकाळी यांच्या अंथरुणात पट्टेवाला साप निघाला. यांनी तो मारला. बोटाला बारीक खूण होती. सूज नाही, ठणका नाही. "काही नही व्हस, हाऊ कवड्या शे," म्हणत यांनी कापसाची गाडी जुंपली. बाईंनी तो साप पाहिला आणि तशाच धावत जाऊन बैलांचा कासरा धरला.

"भाऊ, ही मण्यार आहे. धुळ्याला दवाखान्यात चला."

सासरे संतापले, हे हसले. बाई हटल्या नाहीत. शेवटी एसटीत बसले तेव्हा यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. उशीर झाला होता. धुळ्यालाच हे गेले.

मग लोकांना दोषी हवा होता. बाईंनीच सापाची भीती मोडली, म्हणे, काढा तिला. मी म्हटलं, ही खोली माझ्या नवऱ्याने बांधलीय, कोण काढतो तेच बघते. पण बाईच खचल्या. नोकरी सोडून माहेरी जायला त्यांनी ट्रंक भरली.

त्या निघणार तेवढ्यात आमच्या मोरीत पट्टेवाला साप दिसला. धाकटे दीर काठी घेऊन धावले. बाई दारात ट्रंकेची कडी धरून उभ्या राहिल्या, पुढे आल्या नाहीत. मग मीच वाकले. नीट पाहिलं. पट्टे मानेपासून, शेपटीकडे पुसट. कण्यावरचे खवले बाकीच्यांएवढेच.

"काठी ठेवा, भाऊजी."

"वहिनी, भाऊले सापच चावना व्हता ना?"

"त्यांना मण्यार चावली. हा कवड्या आहे. त्याने कुणाचं काय केलंय?"

साप मोरीच्या भोकातून निघून गेला. बाईंची एसटी त्या दिवशी चुकली. मीच चुकवली.