पुष्पावती सिस्टरांची गाठ

राजूरच्या आसपासच्या डोंगरातल्या वाड्या पुष्पावती सिस्टरांनी पायी पालथ्या घातल्या होत्या. पिशवी खांद्याला अडकवून त्या चढाला लागल्या, की सोबत्याला धाप लागायची. त्यांच्या हातून मोकळ्या झालेल्या बाया वाटेत अडवून पोरं दाखवायच्या.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कडूबाईच्या सुनेला तपासायला त्या बसल्या. ठोके ऐकायचा छोटा कर्णा पोटावर टेकवला आणि उजवा कान लावला. काहीच नाही. जागा बदलली, तरी नाही. सिस्टरांना दरदरून घाम फुटला.

“बाई, लेकरू बरं हाय ना?” कडूबाईचा आवाज कापत होता.

सिस्टरांनी, कोण जाणे कसा, डावा कान लावला. टकटक, टकटक! घोडं उधळावं तसे ठोके!

“एकदम झकास आहे!” त्या ओरडल्याच. पण घाट उतरताना त्यांनी उजव्या कानाशी चुटकी वाजवून पाहिली. त्या उजव्या कानात कित्येक महिने शिट्टी वाजत होती, अंधारात पाय लटपटत होते. दगदगीनं होतंय, असं त्या स्वतःला समजावत आल्या होत्या.

संगमनेरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून थेट पुण्याला धाडलं. तिथे मेंदूचे फोटो निघाले. सर्जन म्हणाले, “ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही. पण वाढत वाढत मेंदूला टेकली आहे, काढायलाच हवी. त्या कानाचं ऐकणं जाईल. चेहऱ्याची नस तिला चिकटलेली आहे, ती वाचवायची शर्थ करू.”

सिस्टरांचे यजमान, महेंद्र गुरुजी, मटकन खाली बसले. सिस्टर मात्र उजळल्या. “अहो, म्हणजे माझ्या मनाचे खेळ नव्हते! याला नाव आहे, इलाज आहे!”

कानामागचं हाड कोरून, दुर्बिणीतून बघत, डॉक्टरांनी दिवसभर ती गाठ कणाकणानं सोडवली. सिस्टरांना शुद्ध आल्यावर ते वाकून म्हणाले, “सिस्टर, डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवा.”

दोन्ही डोळे मिटले. दोन्ही गाल वर गेले.

“शाब्बास! नस वाचली!” डॉक्टरांनी टाळीच वाजवली. गुरुजी रडत होते की हसत होते, त्यांचं त्यांनाच कळेना.

पण उभं राहायला गेल्या तर जमीनच कलंडली. भिंतीवरच्या एका खुणेवर नजर रोवून त्या पाऊल टाकू लागल्या. पडल्या, चिडल्या, पुन्हा उठल्या. घरी आल्यावर अंगण, मग भाताचे बांध. “अगं, सावकाश!” गुरुजी उजवीकडून ओरडायचे. “त्या बाजूनं मला ऐकू येत नाही,” म्हणत त्या पुढे सटकायच्या. हे बाकी त्यांनी कसं ऐकलं, ते गुरुजींना कधी उमगलं नाही.

सरकारी दवाखान्याच्या साहेबांनी तिथेच बसून करायचं काम देऊ केलं. सिस्टरांनी हात जोडून नको म्हटलं. हिवाळ्यात पोलिओच्या डोसाचा दिवस आला, तेव्हा थंड डबा घेऊन त्या स्वतः डोंगर चढल्या. काठी होती, पाय दुखत होते, आणि छाती आनंदानं धडधडत होती.

अर्ध्या चढावर आरोळी आली, “सिस्टर आल्या! सिस्टर आल्या!”

एकाच कानानं आवाजाची दिशा कळेना. त्या जागच्या जागी गोल फिरल्या, स्वतःलाच हसल्या, आणि मग दिसलं: वरच्या कड्यावर अख्खी वाडी पोरं कडेवर घेऊन हात हलवत उभी होती.