झाड निशाणी

"जे दिसते, ते तठी नसते."

हे वाक्य तो उजव्या हाताचं बोट वर करून म्हणायचा आणि मग जरा थांबायचा. समोरचा माणूस गप्प व्हायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही गप्प झालो. लाखनीच्या हायवेवर, ट्रकांच्या धुळीत, पंक्चरच्या दुकानाला लागून कुणी जगाच्या मिथ्यापणावर बोलेल अशी माझी अपेक्षा नव्हती. थांबून झाल्यावर तो म्हणाला, "आता राइट क्लिक करा जी."

एका राइस मिलवाल्याला तो कॉम्प्युटरवरचा शॉर्टकट समजावून सांगत होता. पडद्यावर दिसतं ते चित्र म्हणजे फाइल नव्हे. फाइल आत कुठेतरी असते आणि चित्र ही तिच्याकडे जायची वाट, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. मिलवाला मात्र जाताना हात जोडून गेला.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याचा फायदा नक्की कुणाला झाला यावर आमच्याकडे अजून भाषणं होतात. मला माहीत असलेला लाभार्थी एकच, तो म्हणजे हा. जिल्हा फुटला तशी जिकडेतिकडे नव्या लेटरहेडांची गरज पडली आणि याने टायपिंगचं मशीन विकून कॉम्प्युटर आणला. पुढे लग्नपत्रिका आल्या, अर्ज आले, मंडईच्या जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं आली. गिऱ्हाईक आत आलं की तो मान वर न करता विचारायचा, "कवा आले?" तासभर बाकावर बसलेल्यालाही हेच विचारायचा. पण विचारायचा असं, की माणसाला वाटावं, आपली कुणीतरी वाट पाहत होतं.

गिऱ्हाइकांचा प्रश्नही ठरलेला असे: "माहं कठी हाय जी?" फाइलींची नावं इंग्रजीत, आणि गिऱ्हाइकांना इंग्रजीपेक्षा निवडणुकीची सवय जास्त. म्हणून त्याने प्रत्येकाला निशाणी वाटायला सुरुवात केली. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन. मग पडद्यावर लहान लहान चित्रांची रांग उघडायची, आणि लुगड्याच्या दुकानात बसल्यासारखा तो एकेक चित्र दाखवायचा. "हे पाहा, किल्ली. हे पाहा, पृथ्वी. पृथ्वी कोनीच घेतली नाही अजून, तुमी घेता?"

बौद्ध विहाराच्या समितीसाठी त्याने पिंपळाचं पान स्वतः काढलं. माउसने काढलेलं पान कुणी पाहिलं असेल त्याला त्यामागचे कष्ट कळतील. बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी कचऱ्याची टोपली पसंत केली. त्यांना ती धान्याच्या ढोलीसारखी वाटली. "बाई, ते कचऱ्याचं हाय," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "भरलेली असली का ढोलीच हाय. दे तू." झालं. पडद्यावर दोन टोपल्या दिसू लागल्या, आणि घाईच्या दिवसांत तो चुकलेल्या लग्नपत्रिका ओढून नेमका बचत गटात टाकू लागला. वर्षअखेरीस बाईंचं फोल्डर तालुक्यात सगळ्यात गलेलठ्ठ निघालं. बाई खूश होत्या.

चिखल्याच्या खाणीवरून मँगनीज वाहून नेणारा एक ठेकेदार होता. त्याला काळा ठिपका मिळाला. ठिपका लहान आहे अशी त्याची तक्रार होती. एकदा त्याने घाईत तो ठिपका पेन ड्राइव्हवर स्वतःच घेतला आणि नागपूरला गेला. तिथल्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर ठिपका दिसला, उघडला मात्र नाही. परत येऊन तो दारातूनच ओरडला, "माही फाइल रस्त्यात सांडली!"

"फाइल अठीच हाय, साहेब," हा शांतपणे म्हणाला. "तुमी निसती निशाणी घेऊन गेलते."

दुकान हसलं. सगळ्यात जास्त मी हसलो. मी शाळेत मराठी शिकवत होतो आणि अशा चुका माझ्याकडून होण्यासारख्या नव्हत्या.

त्या दुकानात माझं काम एकच होतं. मी एक नाटक लिहिलं होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडईला नाटक लागतं. आमच्या गावच्या मंडळाने मला शब्द दिला होता की या खेपेला बाहेरचं नाटक आणायचं नाही, सरांचंच करायचं. नाव होतं 'बांधावरची बहीण'. शेतात वाटा मागायला आलेली बहीण आणि तिला बांधावरच थांबवणारा भाऊ. आयुष्यात मी एवढं एकच धड लिहिलं. बाकी सगळं शेरेबुकात.

ते टाइप त्यानेच केलं. टाइप करताना मध्येच हात थांबवून डोळे पुसायचा. एकदा म्हणाला, "सर, हे माह्या हातून झालं असतं तं मी आनंदानं मेलो असतो." मला हे कौतुक वाटलं. निशाणी म्हणून त्याने मला झाड दिलं. हस्तलिखित वही मी त्याच्याकडेच ठेवली. "आता कागदाचं काय काम?" असं तोच म्हणाला होता.

दर रविवारी मी जायचो. तो "कवा आले, सर?" म्हणायचा, चहा मागवायचा, आणि मी झाडावर क्लिक करून दुरुस्त्या करत बसायचो. शेवटच्या प्रवेशात बहिणीच्या तोंडी आधी "मले जमीन नको, माया पाह्यजे" असं होतं. वाचताना मलाच लाज वाटे. एका रविवारी मी ते खोडून लिहिलं: "दादा, मले जमीन नको. सालातून एक डाव दारातून 'कवा आली' म्हणून इचार." त्याने ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पुन्हा चहा मागवला.

दिवाळीच्या थोडं आधी शाळेच्या कामासाठी मोहाडीला गेलो होतो. टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात भोंगा लावलेली जीप आली. नाटकाची जाहिरात. आधी पेटी वाजली, मग एका बाईचा रडवेला आवाज: "दादा, मले जमीन नको. सालातून एक डाव दारातून 'कवा आली' म्हणून इचार!" माझ्या हातात बशी होती. मग निवेदक गरजला, की आंधळगावच्या मंडईत, आपल्या गावचे लाडके जावई, लाखनीचे संगणकमहर्षी, नाट्यभूषण... आणि पुढे त्याचं नाव.

मी तसाच बस धरून लाखनीला आलो. दुकानात तो नव्हता. त्याची बायको बसली होती.

"बसा जी, सर. ते आंधळगावले गेले. तालीम हाय न." तिने पदराने खुर्ची पुसली. "तुमाले सांगतलं नसन त्याहीनं. लाजतेत. माह्या माहेरच्या गावात नाटक हाय त्याहीचं. स्वतः लिवलं. आतापरेंत माहा बाप त्याहीले 'तो कॉम्पुटरवाला' म्हने. आता जावईबापू म्हनते."

"चांगलं आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की तिथे खरं बोलायला मनाची तयारी लागते.

मी कॉम्प्युटरपुढे बसलो. माझ्या झाडाच्या शेजारी एक नवीन निशाणी होती, माउसने काढलेला माइक. त्यावर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, मग फाइंड टार्गेट. वाट कुठे जाते ते शोधायला त्यानेच मला शिकवलं होतं. फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती. झाडाची वाट तिथेच जात होती आणि माइकचीही. म्हणजे कित्येक रविवार मी आंधळगावच्या नाटकातल्या चुका दुरुस्त करत होतो, आणि वर त्याचा चहा पीत होतो.

मी ती फाइल पुसून टाकू शकलो असतो. बायको पाणी आणायला आत गेली होती. पण स्वतःचं नाटक स्वतःच कसं मारायचं? मी एवढंच केलं की त्याच्या माइकवर चेंज आयकॉन दाबून कचऱ्याची टोपली निवडली. माझ्या सूडाची उडी एवढीच.

आंधळगावची मंडई आमच्या आधी होती. नाटक गाजलं. मग आमच्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. "सर, हे तं आंधळगावच्या जावयाचं नाटक हाय म्हनते. उचललेलं नाटक आमाले नाही चालत."

"माझं आहे ते," मी म्हणालो. "चला, दाखवतो."

आम्ही दुकानात गेलो. "कवा आले?" त्याने सवयीने विचारलं आणि मग आम्हा दोघांना पाहून हात माउसवरून काढला. पडद्यावर टोपलीचा पुन्हा माइक झाला होता. मागे भिंतीवर शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो फ्रेम करून टांगला होता. मी म्हणालो, "यांना सांग, नाटक कुणाचं आहे."

तो माउसची वायर सरळ करू लागला. अध्यक्षांचा मुलगा नागपूरला कॉम्प्युटर शिकत असल्यामुळे अध्यक्षांना थोडं कळत होतं. ते म्हणाले, "फाइलीत लेखकाचं नाव असते म्हनते. पाहा बरं." त्याने फाइलीच्या प्रॉपर्टीज उघडल्या. लेखक म्हणून त्याचं नाव होतं. कॉम्प्युटर त्याचा असला की त्यावर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा लेखक तोच असतो. या नियमाने राइस मिलचं लेटरहेड, ठेकेदाराची बिलं आणि निम्म्या तालुक्याच्या लग्नपत्रिकाही त्याच्याच लेखणीतून उतरल्या होत्या. हे त्याला ठाऊक होतं. अध्यक्षांना नव्हतं. एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं.

"वही कुठाय माझी?" मी विचारलं.

"रद्दीत गेली असन जी," तो पडद्याकडे बघत म्हणाला. आणि मग, "सर, चहा सांगू?"

तो खोटं बोलला नाही, हे मी मान्य करतो. अध्यक्ष मात्र माझ्याकडे असे पाहत होते, जसा मी कॉपी करणाऱ्या पोराकडे पाहतो.

अध्यक्ष गेल्यावर मी तिथेच उभा राहिलो. तो हळूच म्हणाला, "तुमच्या गावात तुमचं, तिकडे माहं, असं होतं माह्या मनात. झेरॉक्स काढल्यानं मूळ कागद कमी होते का, सर? तुमाले शाळा हाय, पोरं पाया पडतेत. मले आंधळगावात कोनी बस म्हनत नव्हतं."

"मग आत्ता का नाही बोललास?"

"ती घरी आयकन न." बायकोबद्दल म्हणत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "आन ते शेवटचं वाक्य तं माहंच व्हतं."

हे खरं होतं. सगळ्या नाटकातलं एक वाक्य. तेच जीपवर वाजलं, हेही खरं.

आमच्या मंडळाने त्या वर्षी वडशाहून नाटक कंपनी आणली. आभार मानायला मला बोलावलं, कारण मराठी माझं चांगलं आहे.

मी दुकानात जाणं सोडलं. पण नाटककाराला पहिल्या नाटकाने जेवढी इज्जत मिळते तेवढाच दुसऱ्या नाटकाचा तगादा लागतो. सासुरवाडीने पुढच्या मंडईसाठी नवीन मागितलं. एक दिवस तो शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. कपाळावर घाम होता.

"सर, दुसरं लिवलं का काही?"

"नाही," मी म्हणालो. "तू लिहिलंस?"

"लिहून राहिलो," तो म्हणाला, आणि सायकल ढकलत गेला. पुढे दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो हे विचारायचा आणि दर वर्षी मी तेच उत्तर द्यायचो. काही वर्षांनी सासऱ्याच्या तोंडून 'जावईबापू' गेलं आणि 'कॉम्प्युटरवाला' परत आलं असं कानावर आलं. मला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. शोकसभेत तिघांनी त्याला नाटककार म्हटलं. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलं बोलतात. मीही प्रयत्न करून पाहिला, पण 'पंक्चरवाल्याला लागून यांचं दुकान होतं' याच्या पलीकडे बोलणं सरकेना.

आठवडाभराने त्याच्या बायकोने बोलावलं. दुकान रिकामं करायचं होतं. "तो जुना डबा देऊन राहिली भंगारात. तुमचं काही असन त्यात तं काढून घ्या जी."

मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. कॉम्प्युटर कण्हत कण्हत सुरू झाला. पिंपळाचं पान होतं, ठिपका होता, बचत गट होता. झाडही जागेवर होतं. त्याने ते कधी काढलं नव्हतं. शेजारी माइक, आणि त्याच्या शेजारी कुठलंही चित्र न दिलेली एक कोरी निशाणी. मी ती उघडली. वर लिहिलं होतं, अंक पहिला, प्रवेश पहिला. खाली: पडदा उघडतो. त्याच्या खाली पान पांढरं होतं. फाइल सुरू केल्याची तारीख पाहिली. ज्या वर्षी त्याने मला फाटकाशी पहिल्यांदा विचारलं, त्याच वर्षातली.

मग मी झाडावर क्लिक केलं. 'बांधावरची बहीण' उघडलं. शेवटच्या पानावर गेलो, ते वाक्य वाचलं. पडदा धूसर दिसत होता. मॉनिटर जुना होता.

बायको दाराशी उभी होती. "सापडलं का जी?"

"सापडलं," मी म्हणालो, आणि झाड पेन ड्राइव्हवर घेतलं. ते कोरं पानही घेतलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला डबा घेऊन गेला. आंधळगावात नाटकाच्या जुन्या प्रती असतील, पण तिथे कुठल्या नात्याने मागायला जाऊ? गरजही वाटली नाही. नाटक माझ्या खिशात होतं.

रविवारी शाळेच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. त्यात दोन निशाण्या होत्या. उघडली एकही नाही.