न विरणाऱ्या पिशव्या

उंबरमाळीजवळच्या आमच्या गावात काकीने माळावर काजूची रोपं लावली, ती पिशवीसकट. रोपं विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं: पिशवी मक्यापासून केलेली आहे, पावसाळ्यात मातीत विरते, फाडायची गरज नाही. वर्ष उलटलं तरी रोपं वाढेनात, पानं पिवळी पडली. मी सुट्टीला गेले तेव्हा काकीने एक रोप उपटून माझ्यापुढे धरलं. पिशवी शाबूत होती. आत मुळं गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती.

"तू प्लास्टिकचंच काम करतेस ना गो? मंग ही का नाय विरली?" काकीने विचारलं.

मुरबाडच्या एका प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शक चालवते. पिशवीचा नखाएवढा तुकडा तिथे नेला, धुऊन काचपट्टीवर ठेवला. खास गाळणीतून आलेल्या ध्रुवित प्रकाशात प्लास्टिकमधले स्फटिक दिसतात, गोल फुलांसारखे, प्रत्येकावर काळी फुली. स्फटिकांच्या मधला सैल भाग आधी कुजतो. इथे सैल भाग नावालाच होता, फुलांना फुलं खेटलेली. असलं प्लास्टिक कुजवायला कचऱ्याचं खत करणाऱ्या कारखान्यातली उष्णता लागते. माळावर ती कुठली?

प्रयोगशाळेतले साहेब मागे येऊन उभे राहिले. चित्र सुरेख आलंय, आपल्या कॅलेंडरला देऊ म्हणाले. मी काकीच्या रोपांचं सांगितलं, तर तो आपला विषय नाही म्हणाले.

विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, कारखान्यात कुजवायची असं पिशवीवर छापलंय. छापलं होतं खरं. मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत.

"मग काकीला फाडू नका असं का सांगितलंत?"

"ताई, सगळे तसंच सांगून विकतात."

पुढच्या रविवारी काकीने आणि मी सगळी रोपं उकरली, पिशव्या कापल्या, मुळं सोडवून पुन्हा लावली. बरीचशी तोवर मेलीच होती. शेजारच्या पाड्यावर रोपं विकणाऱ्याचा टेम्पो आला, तेव्हा आम्ही दोघी तिथे गेलो. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या माझ्या फोटोकडे कुणी फारसं पाहिलं नाही. काकीच्या हातातली मुळं मात्र बायकांनी चाचपून पाहिली आणि घेतलेल्या रोपांच्या पिशव्या त्यालाच फाडून द्यायला लावल्या. त्याने फाडल्या. मेलेल्या रोपांचे पैसे न देताच तो टेम्पो घेऊन कसाऱ्याच्या दिशेने गेला. तिथे त्याने काय सांगून रोपं विकली असतील, ते मला ठाऊक आहे.