काकांचा कॉन्चेर्टो

एकाच संगीतरचनेशी उभा जन्म एकनिष्ठ राहिलेला माणूस आमच्या काकांखेरीज अमेरिकेतल्या या अख्ख्या रेडमंडात दुसरा नसेल. आणि रचनाही अशी, की जिचं नाव चेलो वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नाही. काका नात्यातले नव्हेत. ऑफिसातले माझे सीनिअर, मूळचे पुण्याचे, आणि मी ड्रायव्हिंग शिकेपर्यंत रोज मला आपल्या गाडीतून कामावर नेणारे. त्या गाडीत रोज तो एकच चेलो कॉन्चेर्टो लागायचा, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन पुढे आणि साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा. पाश्चात्त्य संगीतातला रोमँटिक जमाना ओसरता ओसरता कुणीतरी लिहिलेला. तोवर जगाला नव्या तऱ्हेच्या संगीताचं वेड लागलं होतं, त्यामुळे पंगती उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत झाली. "लिहिला कुणी?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणाले, "सांगून काय उपयोग? जग विसरलं, तिथे तू कोण लक्षात ठेवणार!"

ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचलो तरी चालू असलेला भाग संपेपर्यंत उतरायची सोय नव्हती. बाहेर पाऊस, आत चेलो आणि माझ्या फोनवर मॅनेजरचे मेसेज. "मीटिंग काय, रोजच असते रे," काका डोळे मिटून म्हणायचे. हा कॉन्चेर्टोही रोजच असतो, हे बोलायची माझी छाती नव्हती. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्याऐवजी याचा मधला संथ भाग लावला. पोर झोपली, तिच्याबरोबर माझे सासरेही झोपले. काकांची इथेच जन्मलेली लेक कपाळाला हात लावून म्हणायची, "बाबा, लिटरली नोबडी नोज धिस पीस!" काकांना ती तारीफच वाटे.

रिटायर झाल्यावर त्यांचे कान जाऊ लागले. वरचे, बारीक स्वर आधी गेले. मशीन लावलं तर म्हणे चेलो पत्र्याच्या डब्यातून येतो. मग त्यांनी एकच ध्यास घेतला: थोडंफार ऐकू येतंय तोवर हा कॉन्चेर्टो एकदा समोर बसून ऐकायचा. गावातल्या हौशी ऑर्केस्ट्राच्या ते हात धुऊन मागे लागले. कंडक्टरबाई म्हणाल्या, हे ऐकायला येणार कोण? काका म्हणाले, हॉल मी भरतो. आणि त्यांनी आमच्या सगळ्या मराठी मंडळींना वेठीला धरलं. "तुमची बारशी, मुंजी, हाउसवॉर्मिंग, सगळं निमूट अटेंड केलं. आता माझं एवढं एक कार्य पार पाडा!"

रविवारी दुपारी आम्ही झाडून सगळे गेलो. चेलो वाजवायला एक दातांची डॉक्टर होती आणि फार सुंदर वाजवत होती. संथ भागात ती चढत चढत एका अशा नाजूक जागेवर येऊन थांबली, की आमचे एक नागपूरकर भान विसरून मोठ्यांदा म्हणाले, "वाह! क्या बात है!" त्यांच्यामागोमाग आमच्या सगळ्या रांगेने दाद दिली. तिथे मधे खोकायचीसुद्धा चोरी. पुढच्या माना गर्रकन वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र हसत होते.

परतताना गाडी मी चालवत होतो. मी सॉरी म्हटलं.

"वेडा आहेस," ते म्हणाले. "ती वरची जागा मला ऐकूच आली नाही रे. डॉक्टरबाईंचा हात तारेवर सरकला आणि सगळं गप्प. तुमची दाद ऐकू आली, तेव्हा कळलं, की आली."

रोजच्या त्या प्रवासात ती जागा मला कधी पाठ झाली, कळलंच नव्हतं. सिग्नल लाल झाला तसा मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि माझ्या भसाड्या आवाजात, खालच्या पट्टीत ती गुणगुणलो. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"बेसूर आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पुन्हा म्हण."