पाण्यासारखं औषध

औषधाच्या दुकानामागच्या खोलीत मोठी सून बावीस वर्षं मलमं घोटत आली होती. काचेच्या फरशीवर पातळ पात्याने औषधाची भुकटी मेणात अशी जिरवायची, की बोटाला एक कण लागला तरी स्वतःवरच रुसायची. संध्याकाळी घरी आली, की सासूबाईंचे गुडघे चोळायची. त्या पंधरा मिनिटांत सासूबाई मनातलं सगळं बोलत. घरातली बातमी आधी आपल्या कानावर येते, याचा तिला भारी तोरा होता.

धाकटी औषधांच्या कारखान्यात कामाला. तिने तिथली, नुकतीच विक्रीला आलेली बाटली आणली.

"आई, हे चोळायचं नाही. नुसतं लावायचं, आपोआप मुरतं."

"न चोळता कसं मुरेल?" मोठीने विचारलं.

"हे औषध पाण्यात विरघळत नाही ना, ताई. म्हणून तेलात विरघळवतात आणि त्या तेलाचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक थेंब पाण्यात पसरवतात. ते कातडीतून सहज आत जातं."

मोठीने बाटली उजेडात धरली. तेल आणि पाणी फेटलं की दुधासारखं दिसतं, हा तिचा जन्माचा अनुभव. हे तर नितळ, जरासं निळसर.

"हल्ली पाणीही विकतात," ती म्हणाली.

पण सासूबाईंना उतार पडला. चार दिवसांत त्या स्वतःच दोन बोटांनी औषध लावून धाकटीशी गप्पा छाटू लागल्या. नणंदेच्या नव्या घराची बातमी मोठीला शेजारणीकडून कळली. ते तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली दुकानात नेली आणि आपल्या मेणात घोटली. घट्ट झालं की चोळावं तर लागेल. घोटता घोटता तेल सुटलं, मग पात्याखाली कणांची खर लागली. ती खर तिची बोटं चांगली ओळखत होती. तेलातून औषध बाहेर पडलं होतं. म्हणजे त्या पाण्यासारख्या बाटलीत ते होतं, आणि चांगलं भरपूर होतं. तरीही तिने मलम डबीत भरलं.

"धाकटीचंच आहे, फक्त जरा घट्ट आलंय, म्हणून डबीत काढलं," असं सांगून तिने दोन संध्याकाळी गुडघे चोळले. सासूबाई कण्हत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या धाकटीला म्हणाल्या, "तुझं औषध चार दिवसांचंच निघालं गं."

मोठीला क्षणभर गोड वाटलं. धाकटीचा चेहरा मात्र उतरला. डबीतली खर बोटावर घेऊन ती म्हणाली, "असं फाटायला नको होतं. उद्या साहेबांना सांगते, ही सगळी खेप परत मागवा म्हणून."

"सांगू नकोस," मोठी म्हणाली. "मी मेणात घोटलं ते."

"कशाला गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही माझ्याशी बोलेनात."

"अगं, मग बसायचं जवळ. गुडघ्यांनी बोलते का मी?"

धाकटी फस्सकन हसली. मोठीला हसू आलं नाही.

नवी बाटली आली. आता मोठीच औषध लावते. अर्ध्या मिनिटात काम संपतं, हात रिकामे होतात. तरी ती तिथेच बसून राहते, आणि धाकटी आपल्याआधी कधी उठते याकडे डोळा ठेवते.